फेब्रुवारीत शेडचं दार अडकतं? रंधा नंतर, आधी मोजमाप

फेब्रुवारी संपत आला की मला एक-दोन फोन ठरलेले असतात. "अरे, मागच्या अंगणातल्या शेडचं दार उघडेना. स्नो ब्लोअर आत, मी बाहेर." पुढचं वाक्यही ठरलेलं: "फुगलं असणार. रंधा मारू का?"

नका मारू. मी दोनदा मारलाय. पहिल्या वर्षी दाराच्या डाव्या पाखळीच्या, म्हणजे झडपेच्या, वरच्या कडेला, दुसऱ्या वर्षी दोन्ही पाखळ्या जिथे भेटतात तिथे. दोन्ही वेळा दार त्या दिवशी छान उघडलं आणि मे महिन्यात चौकटीत अशी फट दिसू लागली की त्यातून उंदरांनी थेट गवताच्या बियांच्या पिशवीपर्यंत वाट केली.

रंध्याची आठवण आपल्याला होते त्यात नवल नाही. राजापूरच्या आमच्या घराचं मागचं दार दर आषाढात फुगायचं. सुतार यायचा, कडेला चार हात रंधा फिरवायचा, चहा घेऊन जायचा. दार अडकलं म्हणजे फुगलं, हे समीकरण तिथलं. मी डेट्रॉईटच्या पश्चिमेला राहतो. इथे ज्या शेडमध्ये हीटर नाही तिथल्या लाकडातली ओल वर्षभरात दोन-तीन टक्क्यांनीच वरखाली होते. तेवढ्यावर अडीच फुटी पाखळी फळ्यांची असेल तर फार तर दीड सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) फुगेल. प्लायवुडची असेल तर तेवढीही नाही. माझं दार चार सूत अडकत होतं. बाकीचं अडीच सूत आलं कुठून, हा खरा प्रश्न होता आणि तो मी तिसऱ्या वर्षी स्वतःला विचारला.

आधी कॅलेंडर बघा

दार कोणत्या महिन्यात अडकतं आणि आपोआप सुटतं का, एवढं आठवलं तरी अर्धं निदान झालं.

जानेवारी ते मार्च अडकतं आणि एप्रिल सरता सरता काही न करता मोकळं होतं: जमीन बघा. दर वर्षी थोडं जास्त अडकतं, परत कधीच येत नाही: छप्पर बघा, किंवा दार स्वतः लोंबतंय का ते बघा. पावसानंतर आठवडाभर अडकून मग सुटतं: दाराच्या खालच्या कडेला रंग लागलेला नाही, ती पाणी पितेय. हा शेवटचा प्रकार सगळ्यात स्वस्त. ऊन पडल्यावर कडा सुकवा, प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. ओएसबीची (लाकडाच्या चपट्या तुकड्यांच्या दाबलेल्या फळीची) कड मात्र एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. तेवढी पट्टी कापून बदलावी लागते.

दुसरा प्रश्न: दार कोणत्या भिंतीत आहे? आमच्या शेडा गॅम्ब्रेल, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन उतार असलेल्या छपराच्या. अशा शेडला दोन तऱ्हेच्या भिंती असतात. छपराचा पंचकोनी आकार जिथे दिसतो ती पुढची-मागची, आणि पागोळ्या जिथे गळतात त्या लांब बाजूच्या. छपराचं सगळं ओझं लांब भिंतींवर येतं. त्यामुळे दार पुढच्या भिंतीत असेल तर मी आधी जमिनीवर गुडघे टेकतो, आणि लांब भिंतीत असेल तर आधी वर बघतो.

जमिनीने उचललेली शेड

माझी शेड १० बाय १२ फूट, दार पुढच्या भिंतीत. पाया म्हणजे सिमेंटचे ठोकळे, तेही सरळ मातीवर ठेवलेले, त्यावर प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) लाकडाचे ४×४ इंची तीन सोट. बांधताना पाणसळ लावून सगळं सूतभरही इकडेतिकडे नव्हतं. बांधली तेव्हा ऑगस्ट होता, जमीन विटेसारखी.

आमच्या भागातली माती चिकण. तिच्यात पाणी धरून राहतं आणि गोठतं. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं हे शाळेत शिकलो होतो, पण नऊ टक्क्यांनी शेड इंचभर उचलली जात नाही. खरा खेळ वेगळा आहे. गोठणीची रेघ जमिनीत खाली उतरत जाते, त्या रेघेवर बर्फाची पातळ चकती तयार होते आणि ती खालच्या ओल्या मातीतलं पाणी समईच्या वातीसारखं वर ओढत राहते. पाणी मिळेल तितकी चकती जाड होते. म्हणून तीन गोष्टी जमल्या तरच जमीन उचलते: बारीक माती, पाणी आणि टिकणारी थंडी. थंडी आपल्या हातात नाही, माती बदलता येते, पाणी वळवता येतं.

तपासायचं कसं? गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. ऑक्टोबरमध्ये शेडच्या चार कोपऱ्यांवर एकाच पातळीत चार खिळे मारून ठेवा आणि फेब्रुवारीत पुन्हा नळी लावा. नळीत पाणी भरलंत तर दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाईतो बर्फ होईल. गाडीच्या काचेवर मारायचं थंडीतलं निळं वॉशर फ्लुइड भरा, गोठत नाही आणि दिसतंही झकास. माझ्या शेडचा वायव्य कोपरा एक इंच वर आला होता. बाकीचे तीन एक-दोन सुतांच्या आत. दाराच्या चौकटीचे दोन कर्ण मोजले तर ऑक्टोबरमध्ये सारखे होते, आता तीन सुतांचा फरक. दोन पाखळ्यांमधली फट वर बंद, खाली करंगळी जाईल एवढी. फट अशी पाचरीसारखी दिसली तर दाराला दोष देऊ नका, चौकट तिरकी झालीय.

वायव्यच का? त्या बाजूला ऊन येत नाही, आणि घराच्या गटाराचा पाइप बरोबर तिथे येऊन सुटतो. पाइप मीच तसा सोडला होता.

मिशिगनमध्ये पक्क्या बांधकामाचा पाया साधारण ४२ इंच खाली नेतात, गोठणीच्या रेघेच्या खाली. शेडलाही तसं करता येतं, पण १० बाय १२ च्या शेडसाठी मला ते घोडं परवडलं तरी नालीला खर्च जास्त असं वाटलं. शेड उचलली जायला माझी ना नाही; एका कोपऱ्याने उचलू नये एवढंच. सगळी एकसारखी वर आली आणि एकसारखी खाली गेली तर दाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून मी जूनमध्ये शेड रिकामी केली, बाटली जॅकने एकेक बाजू उचलली आणि खालची माती काढून तिथे सहा इंच खडी भरली. खडी फोडलेली, टोकदार घ्या. गोल गुळगुळीत पी ग्रॅव्हल स्वस्त आणि दिसायला छान, पण ती कितीही ठोका, गोट्यांसारखी सरकत राहते. खडी शेडच्या बाहेर चारही बाजूंना फूटभर यायला हवी, म्हणजे पागोळीचं पाणी तिच्यात पडून निघून जातं. गटाराचा पाइप दहा फूट लांब नेला. जॅक लावताना एका वेळी इंचाच्या वर उचलू नका, दर इंचाला ४×४ चे तुकडे आडवे-उभे रचून आधार द्या, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या शेडखाली हात घालू नका. खणण्याआधी ८११ ला फोन करा. फुकट आहे, जमिनीखालून गॅस आणि वीज कुठून जाते त्या रेघा ते येऊन रंगवून जातात.

छपराने ढकललेली शेड

आता नोव्हायमधल्या मित्राची गोष्ट. त्याची शेड १० बाय १४, दार लांब भिंतीत, सहा फुटी. पाया माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, खडीवर. तरी दार दर वर्षी वरच्या बाजूला मधोमध घासायचं, आणि उन्हाळ्यातही सुटायचं नाही. त्यानेही रंधा मारला होताच.

आधी छपराची रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गॅम्ब्रेल म्हणजे इथल्या जुन्या लाल कोठारांचं छप्पर: प्रत्येक बाजूला दोन उतार, खालचा जवळजवळ उभा, वरचा पसरट. अष्टकोन मधोमध कापला की हाच आकार मिळतो, आणि हौशी सुताराला तो आवडतो याचं कारण त्यातच आहे. चारही वासे सारख्या लांबीचे आणि प्रत्येक टोकाचा काप साडेबावीस अंशांचा. करवत एकदा लावली की दिवसभर हलवायची नाही. दहा फूट रुंदीला वासा ४६ इंचांना किंचित कमी, आणि आढं भिंतीच्या माथ्यापासून जवळपास पाच फूट वर. एवढ्या लहान शेडवर माळा मिळतो.

पण रंगाऱ्याचा घोडा आठवा. दोन पायांमध्ये दोरी बांधलेली असते. दोरी सोडा आणि वर चढा, पाय दोन्हीकडे सरकतील. साधं दोन पाखांचं छप्पर म्हणजे तसा घोडा. गॅम्ब्रेल म्हणजे त्या घोड्याच्या पायांना शिवाय गुडघे! वरचा आणि खालचा वासा जिथे भेटतात तो सांधा म्हणजे बिजागरीच. ती वळू नये म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी प्लायवुडच्या पट्ट्या, म्हणजे गसेट, गोंद आणि भरपूर खिळे लावून ठोकतात. आणि पाय सरकू नयेत म्हणून भिंतीच्या माथ्यावर आडवी तुळई.

मित्राने काय केलं होतं? कैच्यांना, म्हणजे वाशांच्या जोडलेल्या सांगाड्यांना, गसेट होते, पण एकाच बाजूला, गोंदाशिवाय, प्रत्येक वाशात तीन-चार खिळे. आणि तुळया? नकाशात होत्या. पण त्याच्याकडे मंडळाच्या गणपतीचं मखर ठेवायचं होतं, ते उभंच मावत होतं, मध्ये तुळई येत होती. म्हणून सगळ्या तुळया काढून, त्याच्या शब्दांत, "कॉलर टाय" म्हणून आढ्याच्या फूटभर खाली लावल्या. आढ्याजवळचा आडवा तुकडा वाऱ्याने वरचे वासे उचकटू नयेत म्हणून बरा, पण पाय सरकण्याला तो काही करत नाही. घोड्याची दोरी माथ्याशी बांधून काय उपयोग?

त्यात बर्फ. खालच्या उतारावर तो टिकत नाही, वरच्यावर बसून राहतो, आणि दहा फूट रुंदीपैकी सुमारे सात फूट वरच्याच उताराखाली येतात. बर्फ किती इंच पडला याला फारसा अर्थ नाही, तो वितळल्यावर पाणी किती होईल ते बघा. इंचभर पाणी म्हणजे चौरस फुटाला ५.२ पौंड. मित्राच्या शेडचा वरचा भाग शंभर चौरस फूट धरा, ५२० पौंड झाले. सुमारे २३५ किलो. महिना महिना.

त्याच्या भिंतीच्या माथ्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. दाराच्या बाजूला मध्यावर भिंत दोरीपासून अकरा सूत बाहेर! समोरची सात सूत. कोपऱ्यांत काहीच नाही, कारण पुढची-मागची भिंत तिथे तुळईचंच काम करते. शिडी लावून टॉर्च घेऊन वर गेलो तर मधल्या तीन कैच्यांचे गुडघे आतल्या अंगाने उघडले होते. एकात माझं क्रेडिट कार्ड गेलं. तुमच्याकडे हे बघायचं असेल तर नेमकं इथेच बघा: गसेटच्या कडेला खिळ्यांची डोकी बाहेर आलीत का, प्लायवुडमध्ये आत शिरलीत का, वाशांच्या कापांमध्ये उजेड दिसतो का.

दुरुस्ती उन्हाळ्यात, छपरावर काही नसताना. दोन्ही लांब भिंतींच्या बाहेरून माथ्याजवळ एकेक सलग २×६ आडवी धरली, म्हणजे ओढ एकाच खांबावर येणार नाही. दोघांना आरपार साखळी घालून मध्ये हाताने ओढायचा विंच लावला, ज्याला इथे कम-अलाँग म्हणतात. दांडा दोनदा मारायचा, थांबायचं, छपराचा आवाज ऐकायचा. लाकूड तक्रार करतं, ती ऐकू येते. ताणलेल्या साखळीच्या रेषेत उभं राहायचं नाही. दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी निम्मं ओढून तसंच ठेवलं. भिंती दोरीला लागल्यावर सूतभर आणखी आत घेतल्या, कारण सोडल्यावर थोडं परत जातंच. मग माथ्यावर एकाआड एक कैचीला २×६ च्या तुळया, आणि गुडघे पूर्ण मिटल्यावरच दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंची प्लायवुडचे नवे गसेट, गोंद आणि खिळे. सांधा उघडा असताना गसेट ठोकलात तर वाकडेपणाच पक्का होतो.

दार घासायचं त्याला आणखी एक कारण निघालं. सहा फुटी दारावर त्याने दोन २×४ आडव्या, पडलेल्या ठेवल्या होत्या. लाकूड उभं ठेवलं तर ओझं घेतं, आडवं ठेवलं तर झोपाळा होतो. तिथे दोन २×८ उभ्या, मध्ये अर्ध्या इंची प्लायवुड, असं दणकट घातलं. लांब भिंतीत दार असेल तर हे तपासाच: दाराच्या माथ्याला दोरी लावा, मध्ये पोट आलंय का बघा.

गुडघ्याशी आणखी एक दुखणं असतं. दोन उतारांच्या सांध्यात पत्र्याची पट्टी नसेल तर वाऱ्याचं पाणी आत शिरून गसेटच कुजतो, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. खालचा उतार साडेसदुसष्ट अंशांचा, जवळजवळ भिंतच. अशा उभ्या उतारावर शिंगलला (छपरावरच्या डांबरी तुकड्याला) चारऐवजी सहा खिळे आणि प्रत्येकाखाली डांबरी गोंदाचे ठिपके लागतात, कारण उन्हाने आपोआप चिकटायला ते एकमेकांवर नीट टेकतच नाहीत.

दाराचा स्वतःचा दोष

जमीन ठीक, छप्पर ठीक, कर्ण सारखे, तरी पाखळीचा मोकळा कोपरा खाली लोंबतोय? आतून तिरपी पट्टी बघा. ती बिजागरीच्या बाजूला खालून निघून कडीच्या बाजूला वर जायला हवी, म्हणजे ओझं दाबून खालच्या बिजागरीवर येतं. बऱ्याच शेडांवर ती उलटी असते. उलटी पट्टी ताणली जाते, खिळे सुटतात, दार लोंबतं. पट्टी काढून फिरवायला अर्धा तास लागतो. बिजागरीचे स्क्रू इंचभराचे असतील तर तीन इंची घाला, चौकटीमागच्या खांबापर्यंत जाणारे.

मित्राची शेड आता सरळ उभी आहे. मखर तुळयांमुळे उभं मावत नाही, दोन तुकड्यांत आडवं ठेवतात, आणि दर ऑगस्टमध्ये ते काढताना कुणाचं तरी डोकं तुळईला आपटतं.

माझा वायव्य कोपरा यंदा फेब्रुवारीत नळीवर दीड सूत वर होता, बाकीचेही साधारण तेवढेच. दार एका हाताने उघडलं. फक्त दोन वर्षं रंधा मारून जे काढलं होतं ते परत हवं होतं, म्हणून डाव्या पाखळीच्या वर आणि मधल्या कडेला अर्ध्या इंचाची सीडरची पट्टी ठोकली आहे. शेड राखाडी, पट्टी तांबूस. बाबांना व्हिडिओ कॉलवर दार दाखवलं तर म्हणाले, "ती वेगळ्या रंगाची काय रे?" मी म्हटलं, नक्षी आहे.